डाव्या बाजूचं दार

रोह्याच्या बाजारातून स्टेशनाकडे वळलं की जो ब्रेकर लागतो, त्याच्यावरून सखाची पिकप रिकामी चालली होती नि जाता जाता अशी उडाली, की शेजारच्या सीटवर ठेवलेला जेवणाचा डबा टपाला जाऊन थडकला. वर गेला तेव्हा तो एक डबा होता, खाली आला तेव्हा त्याचे तीन झाले होते. भाकरी डॅशबोर्डावर जाऊन बसली, सुकटीची चटणी काचेला चिकटली, नि कांदा जो गेला तो कुठं गेला ते गाडी भंगारात जाईपर्यंत कुणाला कळायचं नाही. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानं तर शपथेवर सांगितलं असतं की पिकपची चारही चाकं हवेत होती नि त्यांच्या खालून एक कुत्रं शेपूट हलवत आरामात पलीकडे गेलं. सखानं गाडी कडेला घेतली. असे धक्के काही नवे नव्हते. धाटावच्या कंपन्यांच्या कँटीनला भाजी टाकून परत निघालं, हौदा रिकामा झाला, की ही गाडी रोजच पाठीत असे गुद्दे घालायची. पण आज डबा उडाला तेव्हा त्याचा डावा हात आपसूक बाजूला गेला होता. सीटवर कुणी आहे, तिला धरायला पाहिजे, असा. हात जाऊन रेक्झिनवर आपटला. रेक्झिन उन्हानं तापलेलं होतं. तिथं कुणी नव्हतं. दीड वर्षाच्या वर झालं, तिथं कुणी बसत नव्हतं, नि हाताला ते अजून माहीतच नव्हतं.

डब्याचा खालचा कप्पा सीटखालून पार दाराकडे घरंगळला होता. स्टेअरिंगमागून वाकून हात पुरेना, म्हणून सखा उतरला, बॉनेटला वळसा घालून पलीकडे गेला नि डाव्या बाजूचं दार ओढलं. ते काही लगेच उघडलं नाही. कडीत कोळ्यानं चांगला बायकापोरांसकट संसार थाटला होता, त्याला उठवून लावावं लागलं. कप्पा मिळाला. आता काचेवरची चटणीही पुसून घ्यावी म्हणून तो तिथूनच वर चढायला गेला. उजव्या बाजूनं तो दिवसातून पन्नास वेळा चढायचा. पाय आत, हात स्टेअरिंगला, एक हिसका, झालं. इथं त्यानं पाय उचलला, हात सवयीनं वर गेला, नि हाताला नुसता वारा लागला. धरायला काही नव्हतंच. दाराला लोंबकळावं तर दार मागं पळायला लागलं. सीटला धरावं तर घामानं हात निसटायला लागला. शेवटी तो पोटावर, पालीसारखा, सरपटत आत गेला, नि एक चप्पल खाली रस्त्यावरच राहिली.

"काय सखादादा," समोरचा पानवाला ओरडला, "आपल्याच गाडीत चोरी काय?"

"व्हय रं. मालक झोपलाय तवर उरकून घेतोय."

पानवाला हसला. सखाही हसला असता, पण तो तिथं बसला नि बसलाच. बायकोच्या, विमलच्या जागेवर. इतक्या वर्षांत या बाजूला तो कधी बसलाच नव्हता. ड्रायव्हर कशाला बसेल? इथून सगळं वेगळं दिसत होतं. आरशात रस्ता दिसत नव्हता, गाडी चालवणाऱ्याचा कान नि अर्धा गाल दिसला असता. म्हणजे ही बया इतकी वर्षं रस्ता सोडून आपला अर्धा गाल बघत बसायची की काय? त्याला उगाच लाजल्यासारखं झालं, नि त्यानं गालावरून हात फिरवला. दाढी वाढली होती.

गाडी जुनीच घेतलेली, नागोठण्याच्या एका माणसाकडून. घेतली त्या दिवशी विमलबाई मळ्यातून तशीच उठून आली, पायाला चिखल, नि त्याच्या शेजारी बसून घरापर्यंत आली. मग येतच राहिली. धाटावला भाजी टाकायला, पेणला गणपतीच्या कच्च्या मूर्ती आणायला, कुणाची लाकडं, कुणाच्या लग्नाची भांडी. घरात ती बोलायची ते कामापुरतं. कोंबड्या, वालाचा मळा, दोन वेळचं रांधणं, यात तिचं तोंड कामाला जुंपलेलं असायचं. पण गाडीचं दार लागलं की ती सुटायची. भिसे खिंड आली की तिचा आजा यायचा. आजाला खिंडीत वाघ भेटला, वाघानं तंबाखू मागितली, आजानं दिली, चुना जरा जास्त पडला, वाघाला ठसका लागला, नि तेव्हापासून त्या खिंडीतले वाघ खोकतात. नागोठण्याचं फाटक आलं की तिची मावशी यायची. मावशीची शेळी मालगाडीत चढली म्हणून मावशीनं आपलं लाल लुगडं सोडून रुळावर धरलं, गाडी थांबली, इंजीनवाल्यानं लाजून डोळे मिटले, ते पनवेल येईपर्यंत उघडले नाहीत. सखानं या गोष्टी शंभर वेळा ऐकल्या होत्या, नि शंभर वेळा त्या वेगळ्या होत्या. कधी वाघाऐवजी वाघीण असायची. तो नुसता हं हं करायचा. हं म्हणायला विसरला की ती थांबायची, नि गाडीत इंजिनाचा आवाज एकदम मोठा व्हायचा.

मग ते विटांचं काम आलं. भट्टीवरून विटा उचलून धाटावकडे नव्या बांधकामावर टाकायच्या. विटा भरल्या की गाडीची मागची बाजू जमिनीला टेकायला आली, भट्टीच्या वाटेवरचे धोंडे खालून घासायला लागले. कुणी म्हणालं, स्प्रिंगचे पाटे वाढव, गाडी उंच होईल. सखानं पुढे एक नि मागे दोन पाटे वाढवून घेतले, नि टायरही मोठे घातले. गाडी अशी उठली की जणू तिला कुणी काखेत धरून उभी केली. तो घरी घेऊन आला तेव्हा विमलबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. बॉनेटला कुंकू लावायला तिला टाचा उचलाव्या लागल्या. "आगो बाय," ती म्हणाली, "केवढी उंच दिसते! सायबाची वाटते." सखानं बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं बॉनेटवर थोपटलं होतं. त्याच्या तळहाताला ते थोपटणं आता, या तापल्या सीटवर बसून, जसंच्या तसं आठवलं. नि आठवलं की दुसऱ्याच दिवशी तो म्हणाला, चल, पेणला जायचंय, तेव्हा ती म्हणाली, आज नको, तांबडी कोंबडी खुडूक बसलीय, मी नजरेआड झाले तर अंडी सोडून माझ्यामागं चालत येते.

नंतर कधी माकडं आली. वालाच्या मळ्यात माकडांचा एक सरदार आलाय, मिशीवाला, तो फक्त तिलाच घाबरतो. कधी ग्रामदेव धावीर महाराज स्वप्नात आले, म्हणाले, विमल, या महिन्यात पूल ओलांडू नको. कधी चुलीनं तिला शपथ घातली. एकदा तर माहेरी पोपटीला बोलावलं होतं, मडक्यात वालाच्या शेंगा शिजायला लागल्या की ही दोन गावं पलीकडून वासानं ओळखायची, नि तरी ती गेली नाही. म्हणाली, माझ्या शेंगा तुमीच खा, मी इथून वास घेते. सखा हसायचा नि एकटा जायचा. मग हसणं कमी झालं. त्याच्या मनात वेगळंच शिरलं. बाईला आपला कंटाळा आला. एका माणसाला हं हं करताना किती वर्षं ऐकवायचं? तिला शेजार नकोसा झाला नि तोंडावर कसं सांगायचं म्हणून ती या गोष्टी रचते. वाघाच्या गोष्टी आपल्याला बांधून ठेवायला होत्या, या माकडाच्या गोष्टी आपल्याला लांब ठेवायला आहेत. तो रात्रीचं जेवताना तिच्याकडे बघायचा, ती ताटाकडे बघायची. घर इतकं गप्प झालं होतं की पालीचं चुकचुकणंसुद्धा पाहुण्यानं बोलल्यासारखं वाटायचं.

नि आता तो तिच्या जागेवर बसला होता, पोटावर सरपटत चढून, एक पाय अनवाणी. मान वळवून त्यानं खाली बघितलं. चप्पल विहिरीच्या तळाशी पडावी तशी लांब दिसत होती. विमलबाई ओट्यावर चढताना खांब धरते. उतरताना आडवी उतरते, खेकड्यासारखी. मळ्यातून परत येताना बांधावर बसते, म्हणते वारा छान आहे, वारा नसला तरी. मागं एकदा त्यानं तिला हळद नि तेल गरम करताना बघितलं होतं, विचारलं तर म्हणाली, कोंबडीचा पाय मुरगळलाय. कोंबडीचा! त्यानं ते खरं मानलं होतं. एकेक कोंबडी, एकेक माकड, एकेक देव त्याच्या समोर येऊन उभं राहायला लागलं नि प्रत्येकाचा गुडघा सुजलेला होता. ती कंटाळली नव्हती. ती चढू शकत नव्हती. नि त्यानं बॉनेटवर जे थोपटलं होतं, ते बघून तिनं सांगितलं नव्हतं. त्याला बरं वाटलं, नि इतकं वाईट वाटलं की बरं वाटल्याची लाज वाटली. पानवाल्यानं चप्पल आणून वर दिली. "पडला बिडला नाय ना?" सखा म्हणाला, "नाय. चढलो."

त्या संध्याकाळी विमलबाई विहिरीवर गेली तेव्हा सखानं ओट्यापुढच्या धोंड्याची उंची मोजली. तो धोंडा तिचा. त्याच्यावर पाय ठेवून, खांब धरून ती ओट्यावर यायची. त्याहून उंच ती कुठं पाय टाकत नव्हती हे त्यानं आज दुपारभर चोरून बघितलं होतं. अंगठा टेकवला, करंगळी ताणली. एक वीत, दोन वीत, नि वर अर्धी. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय मोजताव? वटा विकायचाय काय?"

"मुंगळा होता."

"मग सापडला का किती लांब हाय?"

सखा बाजूला झाला. ती हंडा घेऊन आडवी होऊन धोंड्यावर चढली, खांबाला हात लावला, नि वर गेली. तो तिच्या पायाकडे बघत होता. टाच फुटलेली, जोडवी सैल झालेली. या पायाला आपण कधी असं बघितलंच नव्हतं, त्याला वाटलं; लग्नात बघितला असेल, तेव्हाही लाजून दुसरीकडेच.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी सखा पेणला गेला. काळुरामचं दुकान हायवेच्या कडेला, पत्र्याखाली. पाटे काढणं, घालणं, तुटलेले बदलणं हेच काम. काळुराम एवढा धिप्पाड की तो जॅक कशाला वापरतो असं लोक विचारायचे, नि त्याचा पंजा असा की नारळ मुठीत धरला तर बाहेरून दिसायचा नाही. सखानं आधीच गोठ्यात ठेवलेले जुने टायर परत चढवले होते. काळुराम गाडीखाली बघून उठला.

"काय भरतोस रे यात?"

"विटा. दिवाळीनंतर."

"आन रोज?"

"रोज भाजी. येताना रिकामी."

"मग रोजची गाडी कर ना. चार दिवसांच्या विटांसाठी बाराही महिने ढुंगण आपटून घेतोस? लायटी बघ कुठं मारतात तुझ्या, समोरच्याच्या डोक्यावर. शिव्या घालत असतील लोकं." मग डोळे बारीक करून म्हणाला, "तू इतकी वर्सं खालीच ठेवून होतास. मधेच का उचललीस नि आता का उतरवतोस?"

सखा म्हणाला, "टमाटी फुटतात." मग जरा थांबून म्हणाला, "डाव्या बाजूनं दाराचा उंबरा अडीच वीत पायजे. तेवढा बघ." काळुरामनं विचारलं नाही का. त्यानं मान हलवली नि गाडीखाली गेला.

काम चालू असताना सखा शेजारच्या शेडकडे गेला. तिथं गणपती वाळत होते, पांढरे, रांगाच्या रांगा, अजून रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही. या मूर्ती तो किती वर्षं नेत होता. हौद्यात भाताचा पेंढा पसरायचा, मूर्ती एकमेकींना लागू नयेत म्हणून मधे पोती कोंबायची, नि मग ब्रेकरवर गाडी तिरपी घ्यायची, एक चाक चढवायचं, थांबायचं, मग दुसरं. सोंडेचं टोक जाऊ नये, बोट मोडू नये. मातीच्या बोटासाठी तो इतका जीव टाकायचा. टोमॅटोसाठीसुद्धा हळू जायचा. नि हौदा रिकामा झाला की सुटायचा तो सुटायचाच, रिकाम्या गाडीत काय मोडणार? पण तेव्हाच तर ती बसलेली असायची शेजारी, वाघाची गोष्ट सांगत, नि प्रत्येक ब्रेकरला तिचा वाघ अर्ध्यावर तुटायचा नि ती परत जोडून घ्यायची. पांढऱ्या मूर्ती बिनडोळ्यांच्या त्याच्याकडे बघत होत्या. त्यानं नजर खाली घेतली. आत कुणीतरी रेडिओ लावला होता, ओल्या मातीचा वास येत होता, नि त्याला वाटलं, आपण घरी लवकर जावं.

घरी पोचल्यावर त्यानं गाडी ओट्यासमोर लावली. विमलबाई सुपात वाल पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नि गाडीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बसली वाटतं खाली."

"पाटा तुटला," सखा म्हणाला. वाटेत त्यानं हे घोकून ठेवलं होतं. "नागोठण्याच्या खड्ड्यात. काळुराम बोलला, तुटला तर तुटला, काढूनच टाकू."

"आन टायर? ते पण तुटले?"

"टायर... झिजले."

"हं," विमलबाई म्हणाली. आता हं म्हणायची पाळी तिची होती.

"बाजारात जातोय," तो म्हणाला, "येतेस काय?" असं म्हणून तो उगाच चाकाकडे वाकला, म्हणजे तिचं तोंड दिसू नये. ती आत गेली. आत इतका वेळ राहिली की त्याला वाटलं आता ती माकड घेऊनच बाहेर येणार. पण ती आली ती जांभळी साडी नेसून, जी ती लग्नाकार्यालाच काढायची, केसाला पाणी लावून. त्यानं डावं दार उघडून धरलं नि मग वाटलं धरू नये, म्हणून सोडून दिलं, नि कोंबडीकडे बघत उभा राहिला. कोंबडीत बघण्यासारखं काही नव्हतं. कानानं तो सगळं बघत होता. बांगड्या वाजल्या, दाराच्या पत्र्याला हात लागला. साडी सावरली. श्वास घेतला. मग काहीच नाही. न राहवून त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. तिचा पाय वर उचललेला होता, थरथरत होता, नि बोटं उंबऱ्याच्या चार बोटं खाली, हवेत. पाय थोडा वर गेला. मग हळूच जमिनीवर आला, जणू त्याला तिथंच यायचं होतं. सखाला ओरडावंसं वाटलं. त्यानं कोंबडीला हाड हाड केलं.

"ती तांबडी..." विमलबाई म्हणाली. तो ऐकत होता. आता ती तांबडी अंडी सोडून चालत येणार. पण ती थांबली. सूप, वाल, कोंबडी, सगळ्यांवरून तिची नजर फिरली नि त्याच्यावर आली.

"अवो, एका बाजूला पाटे असतात तरी किती?"

"का?"

"नाय, अजून एकादा तुटंल काय?"

सखानं तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते नि ओठ हसायला लागले होते, नि दोन्हीतलं कोण आधी जिंकतं ते ठरत नव्हतं. "तुमाला खोटं बोलता येत नाय," ती म्हणाली. "पाटा तुटला म्हणं. खोट्यात जरा मीठमसाला घालायचा असतो. सांगायचं ना, खड्ड्यातून हात आला नि पाटा उपटून घेऊन गेला." मग धोंड्यावर बसली, नि दीड वर्षात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला. "गुडघा रं. गुडघा." ती त्याला एरवी कधी अरे म्हणायची नाही. तो तिच्या शेजारी बसला. तिथं दोघांना जागा नव्हती, तो अर्धा मातीत होता.

"सांगायचं नाय?"

"कसं सांगू? पोराला थोपटल्यागत थोपटत होताव."

गुडघा चोळत ती म्हणाली, "काळुरामाला किती सांगितलं होतंत?"

"अडीच वीत."

"कुणाची?"

सखानं आपला हात बघितला. मग काळुरामचा पंजा त्याच्या डोळ्यांपुढे आला, नारळासकट. विमलबाईनं त्याची करंगळी धरून ताणली, आपल्या हाताशेजारी ठेवली, नि मग ती जी हसायला लागली ती पदर तोंडात कोंबून हसली, पार डोळे पुसेपर्यंत. "दुसऱ्याच्या हातानं बायकोचा पाय मोजलात! आता हातानं मोजायचं नाय. पायच घेऊन जाऊ. पाय काय एकटा जायचा नाय, मलाबी जायला लागंल."

पण जायचं कसं, चढायचं तर तेच होतं. सखानं गाडी मागं घेतली, मागचा फाळका उघडला नि हौदा ओट्याला आणून टेकवला. हौद्यात मूर्तींचा पेंढा होताच, त्यावर गोधडी टाकली. विमलबाई घरातून बाहेर यावं तशी सरळ चालत हौद्यात गेली, छत्री उघडली नि पेंढ्यात मांडी न घालता, पाय लांब करून बसली. शेजारची धोंडुबाई कुंपणावर आली.

"काय गो विमल, इसर्जनाला न्हेतात काय तुला?"

"नाय गो, पेणला. रंगवायला!"

पेणपर्यंतचा रस्ता सखा आयुष्यात इतका हळू कधी गेला नव्हता. सायकलवाले पुढे गेले, एक गाढव पुढे गेलं. मागच्या काचेतून त्याला छत्री दिसत होती, नि छत्रीखाली जांभळा खांदा. प्रत्येक ब्रेकरला तो गाडी तिरपी घ्यायचा, एक चाक, थांबायचं, दुसरं चाक. वडखळच्या नाक्यावर पोरांनी मोरया केलं तर तिनं छत्रीआडून हात वर करून आशीर्वाद दिला. त्याला हसू येत होतं, नि हसताना कुठंतरी टोचतही होतं, की हे सगळं पहिल्याच दिवशी करता आलं असतं. ती मागं एकटीच बोलत होती का? ओठ हलत होते. काय बोलते ते इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हतं, नि त्याला ते फार ऐकायचं होतं.

काळुरामनं तिला आपल्या दुकानाच्या ओट्यावर उतरवून घेतलं नि आपल्या पंजाकडे बघून कान पकडले. "वैनी, चूक झाली. पण सोपं काम आहे. खाली पायदान वेल्ड करून देतो, दोन पायऱ्या. महाराणीवाणी चढायचं."

"पायदान नको."

"का?"

"पायदान लावलं की लोकं बोलतात म्हातारीसाठी लावलं. गाडीच खाली घे. लोकं बोलतील सख्याला विटा झेपत नाय." तिनं सखाकडे बघितलंही नाही. "आन धरायला आतून कडी लाव. कडी चालंल. कडी सायबालोकांच्याबी गाडीत असते."

काळुरामनं डोकं खाजवलं. तो सखाला जरा बाजूला घेऊन, पण तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "अजून काढले तर मऊ होईल गाडी. भाजीला ठीक, मूर्तींना तर लोणी. पण विटा भरल्यास तर बसेल ती उठायची नाय. विटांचं काम सोडावं लागेल तुला." सखा भट्टीचा विचार करायला गेला नि भट्टी आठवेना. आठवला तो हवेत थांबलेला पाय, चार बोटं खाली. "सोडलं," तो म्हणाला. विमलबाई मूर्तींच्या शेडकडे बघत होती. तिची पाठ त्याच्याकडे होती, पण ऐकल्यावर त्या पाठीचा जांभळा पदर एकदा वर गेला नि खाली आला.

पाटे निघाले. काळुराम गाडी खाली उतरवायचा, विमलबाई येऊन पाय लावायची, मान हलवायची, तो परत गाडीखाली जायचा. शेडमधले रंगवणारे कुंचले हातात घेऊन बघायला आले. शेवटच्या खेपेला तिनं कडी धरली, पाय उचलला, उंबऱ्यावर टेकवला, सगळा, टाचेसकट. दुसरा पाय जमिनीवरून सुटला, कडी करकरली, नि विमलबाई आत होती. तिनं पदर सारखा केला, समोर बघितलं, नि दार स्वतःच्या हातानं ओढून घेतलं. दाराचा आवाज नीट, पुरा, एकदाच झाला.

सखानं गाडी हायवेला घेतली. ऊन उतरायला लागलं होतं. सगळं जग आपल्या जागेवर आल्यासारखं दिसत होतं. रस्त्याकडेच्या माणसांची डोकी नाही, तोंडं दिसत होती. खड्डा आला, गाडी त्यात गेली नि हुं करून वर आली. विमलबाई बोलत नव्हती. तो वाट बघत होता. वडखळ गेलं. त्याचा अर्धा गाल गरम झाला होता, तिकडच्या बाजूचा. बोलायचं विसरली तर? दीड वर्षात गोष्टी विटतात काय? गाडीत नुसतं इंजिन नि नव्या कडीच्या रंगाचा वास. कासूजवळ आले तशी तिनं एकदम त्याच्या दंडाला हात लावला.

"थांबवा."

सखानं घाईनं गाडी कडेला घेतली. "काय गो? दुखतंय? गुडघा?"

"नाय."

"मग काय?"

"उतरायचंय." तिनं दार उघडायला सुरुवातही केली होती.

"इथं कशाला उतरतेस? इथं काय हाय?"

"काय नाय," विमलबाई म्हणाली. "परत चढायचंय."